पेंटरकाकांच्या अक्षरांचा फॉन्ट : सव्वीस महिन्यांचा हिशेब

जून २०२३ मध्ये जे काम चार महिन्यांत हातावेगळे करीन असे मी घरात सांगितले होते, ते ऑगस्ट २०२५ मध्ये संपले. काम होते देवनागरी फॉन्ट तयार करण्याचे. मजकुराचा नव्हे, तर मथळ्यांचा आणि पाट्यांचा फॉन्ट : जाडजूड, गुबगुबीत, थोडा खट्याळ आणि कुंचल्याने रंगवल्यासारखा दिसणारा. मी मिरजेत डीटीपीचे काम करते. लग्नपत्रिका, हँडबिले आणि दिवाळी अंकांची जुळणी करण्यात अठरा वर्षे गेली असली तरी फॉन्टच्या पोटात काय असते हे मला ठाऊक नव्हते, आणि करार, मुद्रांक, नोंदणी यांच्याशी तर घराच्या भाडेपट्ट्यापलीकडे कधी संबंध आला नव्हता. वाटेत कुठे अडले, किती दिवस गेले आणि किती पैसे लागले ते क्रमाने लिहून ठेवते. हा मजकूर जाहिरात होऊ नये म्हणून फॉन्टचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही.

ज्यांची ही अक्षरे आहेत ते पेंटरकाका आमच्या शेजारचे. वय एकाहत्तर. सतारमेकर गल्लीतल्या वाद्यांच्या दुकानांच्या पाट्या, रसवंत्या, ट्रकच्या फळ्या, ग्रामपंचायतींच्या भिंती असे सगळे त्यांनी रंगवले. फ्लेक्स आल्यावर काम आटत गेले आणि २०१९ नंतर त्यांनी एकही पाटी रंगवली नाही. हिशेबाच्या एका जुन्या वहीत त्यांनी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती कापून चिकटवल्या आहेत. त्यांतली बहुतेक शीर्षके कमल शेडगे यांच्या हातची. त्या वहीवर काका शिकले, पण त्यांचे वळण वेगळे झाले. त्यांचे प्रत्येक अक्षर जेवून उठल्यासारखे दिसते. अक्षराच्या गोलाईला ते ‘पोट’ म्हणतात आणि ‘या टला पोट नाही’ हा त्यांच्या लेखी मोठा दोष असतो.

सुरुवातीला मी गावभर फिरून त्यांच्या उरलेल्या पाट्यांचे फोटो काढले आणि उत्साहाच्या भरात त्यांतले काही समाजमाध्यमांवर टाकले. ही चूक पुढे कशी नडली ते यथावकाश सांगते. फोटोंवरून फॉन्ट होत नाही हे आठवड्याभरात कळले, कारण पाटी खालून वर पाहिलेली असते, रंग उडालेला असतो आणि पन्नास पाट्यांत मिळून ‘ढ’ एकदाच सापडतो. म्हणून जुलैमध्ये काकांना अक्षरे नव्याने काढून देण्याची विनंती केली. ते लगेच तयार झाले. खाकी कागद आणला, काळा ऑइलपेंट आणला आणि मी म्हटले, “काका, अ पासून ज्ञ पर्यंत काढा.” त्यांनी काढली, आणि ती शाळेच्या भिंतीवरच्या अंकलिपीसारखी निघाली. सगळी सारख्या उंचीची, सुतासारखी सरळ. त्यांत काका कुठेच नव्हते.

दोन दिवस विचार केल्यावर लक्षात आले की या माणसाने आयुष्यात सुटे अक्षर कधी रंगवलेलेच नाही, त्याने शब्द रंगवले आहेत. मग अक्षरांऐवजी शब्दांची यादी केली : रसवंती गृह, घड्याळ दुरुस्ती, छत्री, ढोलताशा, ठिबक सिंचन, झुणका भाकर, फर्निचर, थंडगार, भेळ, ऊस, क्षीरसागर, ज्ञानेश्वर, पुऱ्या, बॅटरी, ऑफसेट. शब्द देताच हात सैल झाला आणि ‘थंडगार’च्या थने अशी काही मान वळवली की मी तो कागद वेगळा काढून ठेवला. ‘ङ’ त्यांनी एका महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळासाठी एकदा काढला होता. ‘ञ’वर मात्र ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, “हे अक्षर पोरी, आजवर कुणी रंगवूनच घेतलं नाही.” ज्यांना कुणाच्या हाताचा फॉन्ट करायचा असेल त्यांनी आधी अशी शब्दांची यादी करावी आणि प्रत्येक अक्षर निदान तीन वेगवेगळ्या शब्दांत येईल असे पाहावे.

खाकी कागदावर ऑइलपेंटचे तेल पसरते आणि अक्षराभोवती पिवळट कडे उमटते, जे स्कॅनमध्ये अक्षराचाच भाग वाटते. पहिले वीस कागद त्यामुळे वाया गेले. पुढे पांढरा कार्ट्रिज कागद आणि काळा पोस्टर कलर वापरला. काकांना पोस्टर कलर पातळ वाटला आणि त्यांनी तो उन्हात ठेवून आटवला. रंग, कागद आणि एक सपाट ब्रश यांचे १,८४० रुपये झाले. सप्टेंबरअखेर ९६ कागद हाती आले. ए-थ्री आकाराचे स्कॅन सांगलीत २५ रुपयांना एक या दराने करून घेतले, त्याचे २,४०० रुपये झाले. स्कॅन ६०० डीपीआयवर आणि करड्या छटांत करून घ्यावे. नुसत्या काळ्या-पांढऱ्यात केले तर कडांचा खरखरीतपणा दातेरी होतो.

ऑक्टोबर २०२३ पासून संगणकावरचे काम सुरू झाले. माझ्याकडे विंडोजचा लॅपटॉप आहे. मॅकवर चालणारी सशुल्क सॉफ्टवेअरे सोयीची असतात असे वाचले होते, पण पहिल्याच फॉन्टसाठी यंत्र आणि सॉफ्टवेअर दोन्ही विकत घेण्याची माझी तयारी नव्हती. रेखाटनासाठी इंकस्केप आणि फॉन्ट बांधण्यासाठी फॉन्टफोर्ज, या दोन्ही मोफत सॉफ्टवेअरांवर सगळे काम झाले. इंकस्केपमधली आपोआप बाह्यरेषा काढण्याची सोय मोहात पाडते, पण तिने एका ‘क’च्या कडेला वळण ठरवणारे १८० बिंदू दिले, आणि इतक्या बिंदूंचे अक्षर दुरुस्त करणे म्हणजे वाळूचा ढीग चिमटीने सारखा करणे. शेवटी स्कॅन मागे ठेवून प्रत्येक अक्षर हाताने पुन्हा रेखाटले. ‘क’ ४२ बिंदूंत बसला. रोज रात्री नऊ ते अकरा, आठवड्याला दहाबारा आकार, अशा गतीने मार्च २०२४ उजाडला. यूनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीच्या मूळ तक्त्यात १२८ जागा आहेत, पण अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, रफार, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या धरून आकारांची संख्या ४६० वर गेली. चार महिन्यांचा माझा अंदाज १२८ या आकड्यावर बेतलेला होता.

जाड अक्षरांचा पहिला त्रास म्हणजे पोकळ्या बुजतात. ‘झ’, ‘ऋ’, ‘क्ष’, ‘ड्ढ’ यांच्या आत इतक्या रेघा असतात की सगळ्या सारख्याच जाड ठेवल्या तर काळा गोळा उरतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या समूहाचा ‘मोदक’ हा फॉन्ट मी त्यासाठी पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला. त्यात पोकळ्या अगदी केसासारख्या बारीक उरतात आणि तेच त्याचे रूप बनते. काकांची रीत मात्र निराळी. ते पोट जाड ठेवतात आणि गाठ बारीक करतात. दुसरा त्रास माझ्या ध्यानीमनी नव्हता. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या छोट्या फटीवर आणि डावीकडच्या वळणावर अवलंबून असतो. अक्षर फुगले की फट मिटते, आणि पहिल्या नमुन्यात ‘भेळ’ चक्क ‘मेळ’ झाली. काकांच्या जुन्या पाट्या पाहिल्या तेव्हा उत्तर तिथेच होते : ते ‘भ’ आणि ‘ध’च्या डाव्या टोकाला लाडवासारखा गोळा काढतात. मी तो इतके दिवस नक्षी समजत होते.

आता शिरोरेषेविषयी सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त वेळ तिने खाल्ला. काका पाटी रंगवताना सुतळीला खडूची पूड लावून आधी एक आडवी रेघ मारतात, मग अक्षरांचे देह रंगवतात, आणि अगदी शेवटी पूर्ण शब्दावरून एका दमात शिरोरेषा ओढतात. त्यामुळे तिच्यात एक हलकी लाट असते. शब्दाच्या मध्यावर ती किंचित खाली येते आणि शेवटाकडे पुन्हा चढते. ही लाट शब्दाची असते, अक्षराची नव्हे. फॉन्टमध्ये मात्र शिरोरेषेचे तुकडे पडतात, प्रत्येक अक्षर आपापला तुकडा डोक्यावर घेऊन येते आणि कोण कोणाशेजारी बसेल हे आधी माहीत नसते. मी प्रत्येक अक्षरावर काकांची लाट जशीच्या तशी ठेवली आणि ‘कमळ’ हा शब्द टाइप केला, तर तीन अक्षरांवर तीन पायऱ्या दिसल्या, उखडलेल्या फरशीसारख्या.

मग सगळ्या अक्षरांची शिरोरेषा सपाट करून पाहिली. सांधे जुळले, पण फॉन्ट मेला. हाताने केल्यासारखे दिसणे हे कडांच्या खरखरीतपणात नसून त्या लाटेत होते, हे तेव्हा समजले. शेवटी जी रीत चालली ती अशी : हजार एककांच्या चौकटीत शिरोरेषेची जाडी सांध्यापाशी नेमकी १५० एकके, वरची आणि खालची कड प्रत्येक अक्षरात अगदी त्याच उंचीवर, दोन्ही बाजूंना ३० एकके रेघ बाहेर काढून शेजारच्या अक्षरावर चढवलेली, आणि लाट फक्त मधल्या भागात, तीही रुंद अक्षरांत जास्त आणि ‘र’सारख्या अरुंद अक्षरांत जवळजवळ नाही. काना, मात्रेचा दंड, वेलांट्या यांनाही हाच नियम. म्हणजे जिथे डोळ्याला सैलपणा दिसतो तिथे नेमकी सर्वांत कडक शिस्त आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी हे तीन आकडे ठरवून कागदावर लिहून भिंतीला चिकटवावेत. मी ते एकशे दहा अक्षरे झाल्यावर ठरवले आणि एकशे दहाच्या एकशे दहा परत उघडली.

पुनरावृत्तीचेही तसेच. ‘काका’ या शब्दात दोन्ही ‘का’ तंतोतंत सारखे आले की हाताचे सोंग उघडे पडते. म्हणून क, त, न, म, र, ल, स या अक्षरांची आणि कान्याची प्रत्येकी तीन रूपे केली आणि तेच अक्षर जवळपास पुन्हा आले तर दुसरे रूप यावे असा नियम ओपनटाइप या फॉन्टप्रकारातल्या, शेजारच्या अक्षरांनुसार रूप बदलणाऱ्या सोयीत लिहिला. खरे सांगायचे तर एकट्या कान्याची तीन रूपे केली असती तरी निम्मे काम झाले असते, कारण मराठीत तोच सगळ्यात जास्त वेळा येतो.

एप्रिल ते जून २०२४ या काळात मराठीच्या खास गोष्टी मार्गी लावल्या. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवून दिलेले आहेत. अनेक फॉन्टांत हिंदीची रूपे मूळ म्हणून असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले तरच मराठी रूपे येतात, पण भाषा सांगण्याची तसदी कितीतरी सॉफ्टवेअरे घेतच नाहीत. म्हणून मी उलटे केले : मूळ रूपे मराठी, आणि भाषा हिंदी असल्यास दंडाचा ‘ल’. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरकही असाच जपावा लागतो. दुसरा शब्द कोणी ‘ऱ’ आणि हलन्त वापरून टंकित करते, तर कोणी साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. दोन्ही मार्गांनी चंद्रकोरीचा ‘र’ आला पाहिजे. काकांना दोन्ही शब्द लिहून दाखवले तेव्हा त्यांनी फक्त एवढेच विचारले की यात अडचण काय आहे. ब्रशला खरोखरच अडचण नसते.

फॉन्ट कामापुरता तयार झाला म्हणून सप्टेंबर २०२४ च्या गणेशोत्सवाआधी माझ्या मावसभावाच्या मूर्तींच्या स्टॉलसाठी त्यात एक फ्लेक्स करायचे ठरवले. मजकूर होता ‘गणेशमूर्तींची विक्री’. तीन वेगवेगळ्या आकारांचे नमुने छापले, १,१५० रुपये लागले. ‘र्तीं’मध्ये त च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार असे तिघे एकत्र बसतात. माझ्या फॉन्टमध्ये वरच्या हद्दीचा आकडा मी लहान ठेवला होता, त्यामुळे त्या हद्दीबाहेरचा भाग चित्र तयार होताना कापला गेला, आणि छापून आले ‘गणेशमूर्तीची विक्री’. म्हणजे भावाकडे एकच मूर्ती शिल्लक असल्यासारखे. त्याने काही न बोलता पांढऱ्या रंगाचा डबा आणून टिंब दिले. तेव्हापासून माझ्या तपासणीच्या मजकुरात ‘मूर्तींची’ हा पहिला शब्द असतो आणि खालच्या हद्दीसाठी ‘ट्ठू’ आणि ‘द्ध्रू’. हे दोन कोणत्याही शब्दात येत नाहीत, पण ते मावले तर बाकी सगळे मावते.

त्याच खेपेला दुसरा धडा मिळाला. फ्लेक्सवाल्याच्या संगणकावरचे सॉफ्टवेअर फार जुन्या आवृत्तीचे होते. त्यात यूनिकोड देवनागरीची मांडणीच होत नसे : पहिली वेलांटी अक्षरानंतर येई आणि हलन्त लोंबत राही. दोष फॉन्टचा असेल असे समजून मी चार रात्री नियम तपासत बसले. गावोगावी अजून हीच स्थिती आहे, हे ध्यानात ठेवावे. तिथे मजकूर स्वतःच्या संगणकावर जुळवून, अक्षरांच्या बाह्यरेषा, म्हणजे चित्रे, करून पीडीएफ द्यावी. वाद घालू नये.

आता कागदपत्रांकडे वळते. फॉन्ट मोफत द्यायचा हे माझे आधीपासून ठरले होते. पण एका परिचित वकिलांनी सप्टेंबरमध्ये विचारले की ही अक्षरे कोणाची. रेखाटने काकांची, संगणकीय काम माझे, आणि दोघांत लेखी काहीच नाही. जे पूर्णपणे आपले नाही ते फुकटसुद्धा वाटता येत नाही, हे ऐकून मी वरमले. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात कोणते काम, कोणते हक्क, किती मोबदला हे स्पष्ट लिहावे लागते. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो, आणि वेगळे नमूद केले नसेल तर घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तरी तो परत जातो. इंटरनेटवरून मिळवलेल्या एका पानाच्या नमुन्यात यांतले काहीच नव्हते. तो वापरला असता तर पाच वर्षांनी जगभर पसरलेल्या फॉन्टचा पायाच निघून गेला असता.

मी शंभर रुपयांचा मुद्रांक आणून ठेवला होता. करार लिहून होईपर्यंत ऑक्टोबर २०२४ उजाडला आणि राज्यात शंभर-दोनशेच्या मुद्रांकांऐवजी किमान पाचशेचा सुरू झाला. शंभर रुपये गेले, नवे ५०० लागले, टंकलेखनाचे २००, नोटरीचे ४००. मुद्रांक घेताना दोन्ही पक्षांची नावे आधार कार्डावर आहेत तशीच सांगावीत; काकांचे आधारवरचे नाव आणि पाटीखाली ते सही करतात ते नाव वेगळे निघाले, म्हणून करारात ‘ऊर्फ’ घालावे लागले.

काका मात्र कागदावर अडले. मोबदल्याचे ३०,००० रुपये दोन हप्त्यांत द्यायचे ठरले होते आणि त्यावर त्यांची हरकत नव्हती. हरकत मुद्रांकाला होती. “फुकटच वाटायचंय म्हणतेस, मग स्टॅम्प कशाला?” असे ते म्हणाले, आणि त्यांच्या मुलाला वाटले की यात काहीतरी काळेबेरे आहे. मी करार त्यांच्या घरी आठ दिवस ठेवला आणि त्यांच्या ओळखीच्या निवृत्त शिक्षकांकडून वाचून घ्या म्हटले. ते आठ दिवस मला फार जड गेले. फॉन्ट राहील की जाईल याहीपेक्षा, इतक्या वर्षांच्या शेजाऱ्याला माझ्याबद्दल संशय आला याची टोचणी मोठी होती. नवव्या दिवशी काका आले आणि एकच अट घातली : नाव राहिले पाहिजे. कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे हक्क दिल्यावरही कर्ता म्हणून नाव लावण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो, ही गोष्ट मी दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा काढून ती ओळ दोनदा वाचून घेतली. १८ नोव्हेंबरला सह्या झाल्या.

हनीफ कुरेशी यांच्या ‘हँडपेंटेड टाइप’ या उपक्रमात पेंटरांच्या अक्षरांचे फॉन्ट त्यांच्याच नावाने आले आहेत, तसे आपणही करू, असे मी सुचवले होते. काकांनी हात जोडले. “उद्या माझ्या नावानं कुणी दारूच्या दुकानाची पाटी केली म्हणजे?” म्हणून फॉन्टला वेगळे नाव दिले आणि त्यांचे नाव फाईलच्या आत, रचनाकाराच्या रकान्यात, रोमनबरोबर मराठीतही घातले. फॉन्टच्या नावांच्या तक्त्यात भाषेनुसार वेगळी नोंद करता येते. ही सोय फुकट असते, वापरावी.

नोंदणीचे दोन मार्ग समोर होते. एक, डिझाइन कायदा, २०००. मुद्राक्षरांसाठी, म्हणजे छपाईच्या अक्षररचनांसाठी, ‘लोकार्नो’ या रचनांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात १८-०३ हा वर्ग आहे, व्यक्तीसाठी अर्जाचे शुल्क १,००० रुपये आहे, आणि संरक्षण दहा वर्षे, पुढे आणखी पाच. पण अर्जापूर्वी रचना प्रसिद्ध झालेली नसावी अशी अट आहे, आणि मी तर २०२३ मध्येच फोटो जगजाहीर करून बसले होते. तो मार्ग तिथेच संपला. ज्यांना तो हवा असेल त्यांनी अर्ज करीपर्यंत तोंड आणि मोबाइल दोन्ही बंद ठेवावेत.

दुसरा मार्ग कॉपीराइट नोंदणीचा. ती सक्तीची नाही. हक्क निर्मितीबरोबरच येतो, नोंदणी फक्त वादाच्या वेळी प्रथमदर्शनी पुरावा म्हणून उपयोगी पडते. मुद्राक्षरांना कलाकृती म्हणून नोंदवण्यास कॉपीराइट मंडळाने २००२ मध्ये नकार दिलेला आहे, म्हणून वकिलांच्या सल्ल्याने फॉन्टचे नियम आणि आकारांची संकेतावली (कोड) संगणक प्रणाली म्हणून, म्हणजे कायद्याच्या भाषेत साहित्यकृती म्हणून, नोंदवायची ठरवली. २० जानेवारी २०२५ ला नमुना १४ ऑनलाइन भरला, शुल्क ५०० रुपये. सोबत तपशीलपत्र, अतिरिक्त तपशीलपत्र, काकांशी झालेला करार, आणि संकेतावलीची पहिली दहा आणि शेवटची दहा पाने, काहीही न झाकता. डायरी क्रमांक, म्हणजे अर्जाचा नोंद क्रमांक, लगेच मिळतो. त्यानंतर हरकतींसाठी तीस दिवस थांबावेच लागते.

एप्रिलमध्ये त्रुटीपत्र आले. चूक सर्वस्वी माझी होती. करारात फॉन्टचे नाव देवनागरीत एका प्रकारे आणि अर्जात रोमन लिपीत दुसऱ्या प्रकारे लिहिले गेले होते, त्यामुळे दोन वेगळी कामे असल्यासारखे दिसत होते. दोन्ही नावे एकाच कामाची आहेत असे पत्र, काकांच्या आणि माझ्या सहीने, नऊ दिवसांत पाठवले. अर्ज भरण्यापूर्वी नाव दोन्ही लिप्यांत कसे लिहायचे ते ठरवून प्रत्येक कागदावर अक्षरशः नकलून काढावे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात प्रमाणपत्र आले.

परवाना म्हणून एसआयएल या संस्थेचा मुक्त फॉन्ट परवाना, आवृत्ती १.१, निवडला. त्यानुसार फॉन्ट कोणीही व्यवसायासाठी वापरू शकतो, बदलू शकतो, वाटू शकतो. फक्त तो सुटा विकता येत नाही आणि त्यावरून केलेला फॉन्टही याच परवान्याखाली राहतो. काकांना हे समजावताना मी म्हटले की रेसिपी सगळ्यांना, पण डबा विकायचा नाही. त्यांनी मान हलवली, पटले की नाही कळले नाही. २८ जुलै २०२५ ला फाईल सगळ्यांसाठी खुली केली. त्या दिवसापर्यंतचा एकूण खर्च ३७,०९० रुपये. माझ्या रात्री त्यात धरलेल्या नाहीत आणि काकांचे ३०,००० वजा केले तर उरलेली रक्कम एका मोबाइलपेक्षा कमी आहे.

ऑगस्टच्या मध्यावर मावसभावाचा स्टॉल पुन्हा लागला. यंदाच्या फ्लेक्सवर दोन ओळी होत्या : ‘गणेशमूर्तींची विक्री’ आणि खाली ‘शाडूच्या मूर्ती मिळतील’. काकांना मुद्दाम बोलावले. ते पाऊस थांबल्यावर आले, छत्री मिटून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि तिथून बराच वेळ बघत राहिले. मग येऊन म्हणाले, “टिंब आलं हां या वर्षी.” मी हसले. “पण तो मिळतीलचा ळ बघ. त्याचं उजवं पोट उपाशी आहे. मी असा नाही काढला.” टेबलावर शाडूची बारीक धूळ पसरली होती, तिच्यात त्यांनी बोटाने एकाच ओढीत ळ काढला, उजवीकडे थोडे जास्त रेंगाळून. मी मोबाइलने त्याचा फोटो घेतला. घरी येऊन ९६ कागदांतला ‘घड्याळ’ शोधला, तर खरेच, स्कॅनमध्ये पोट भरलेले होते आणि मी रेखाटताना ते आत ओढले होते. आवृत्ती १.००१ मध्ये फक्त एवढीच दुरुस्ती आहे.